मेरी वेडचा माग: लंडनच्या न्यायालयापासून ऑस्ट्रेलियातील वंशवृक्षापर्यंत

१/
१४ जानेवारी १७८९. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात दोन मुली आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. एक चौदा वर्षांची जेन व्हायटिंग आणि दुसरी तिच्याहून लहान मेरी वेड. आरोप असा की, त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलीच्या अंगावरचा सुती झगा, खांद्यावरचे लिननचे वस्त्र आणि टोपी हिसकावून घेतली. शिक्षा: फाशी. दोन शतकांहून अधिक काळाने या मेरीचा एक वंशज ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. मधल्या काळाचा धागा कोणत्या कागदांनी जोडला, हे या मालिकेत पाहू.

२/
कपड्यांच्या चोरीसाठी फाशी ही शिक्षा आज अमानुष वाटते. परंतु त्या काळच्या इंग्लंडमध्ये ती अपवादात्मक नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना देहान्ताची शिक्षा होती. कायदा मालमत्तेचे रक्षण प्राणपणाने करी; मात्र हे प्राण बहुधा गरिबांचे असत. प्रत्यक्षात अनेकांची फाशी रद्द होऊन त्याऐवजी त्यांना समुद्रापार धाडले जाई. त्यासाठी राजाची दया आवश्यक असे.

३/
मेरी रस्ते झाडण्याच्या निमित्ताने भीक मागून पोट भरत असे. चोरलेला झगा गहाण टाकला गेला, दुसऱ्या एका मुलीने अधिकाऱ्यास खबर दिली आणि झडतीत वस्त्राचा एक भाग मेरीच्या खोलीत सापडला. इतका तपशील आज उपलब्ध आहे, कारण ओल्ड बेलीतील खटल्यांचे वृत्तान्त १६७४ पासून १९१३ पर्यंत छापले जात. २००३ पासून ते टप्प्याटप्प्याने संगणकावर शोधता येऊ लागले. ज्या घराण्याने आपली कोणतीही नोंद ठेवली नाही, त्याची नोंद न्यायालयाच्या लेखनिकाने ठेवली.

४/
त्याच सुमारास राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजाराने ग्रासला होता. मार्च १७८९ मध्ये तो बरा झाल्याचे जाहीर झाले, राजधानीत उत्सव झाले आणि त्या आनंदात फाशीच्या छायेतील अनेक स्त्रियांची शिक्षा बदलून जन्मभराची हद्दपारी करण्यात आली. मेरी त्यांपैकी एक होती. काही स्त्रियांनी मात्र ही दया भर न्यायालयात नाकारली. सिडनीची वसाहत स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. त्या अज्ञात भूमीपेक्षा त्यांना फाशी बरी वाटली.

५/
ऑस्ट्रेलियाच का? इंग्लंड आपले कैदी पूर्वी अमेरिकेतील वसाहतींत पाठवीत असे. १७७५ मध्ये अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि तो मार्ग बंद झाला. तुरुंग भरले; जुन्या, निकामी जहाजांचे नदीपात्रात तुरुंग केले गेले; तरी जागा अपुरी पडली. १७८८ मध्ये पहिला ताफा सिडनीला पोहोचला. १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० स्त्री-पुरुष कैदी या वाटेने ऑस्ट्रेलियात आणले गेले.

६/
मेरीचे जहाज होते 'लेडी ज्युलियाना'. त्यावर सव्वादोनशेच्या आसपास कैदी होत्या आणि त्या सर्व स्त्रिया होत्या. जुलै १७८९ मध्ये प्लिमथ सोडून, रिओ द जानेरो आणि केप ऑफ गुड होपमार्गे, जहाज जून १७९० मध्ये सिडनीस लागले. जॉन निकोल नावाच्या त्यावरील एका खलाशाने पुढे १८२२ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. वाटेत तो साराह व्हिटलॅम या कैदिणीच्या प्रेमात पडला होता. सरकारी यादीत नुसत्या नावाने उरलेल्या स्त्रिया त्याच्या पुस्तकात माणसे म्हणून भेटतात.

७/
सिडनीत त्या वेळी उपासमार चालू होती. धान्य घेऊन निघालेले 'गार्डियन' जहाज वाटेत हिमनगावर आदळले होते. उपाशी वसाहतीने आशेने पाहिलेले जहाज आले ते आणखी दोनशेहून अधिक तोंडे घेऊन! त्याच महिन्यात मागून आलेल्या तीन जहाजांवरील सुमारे एक चतुर्थांश कैदी प्रवासातच मरण पावले होते. ठेकेदारांना पैसे मिळत ते जहाजावर चढविलेल्या कैद्यांच्या संख्येवर. किती जण जिवंत उतरले, याच्याशी त्यांच्या नफ्याचा संबंध नव्हता.

८/
येथे शोधाच्या पद्धतीकडे वळू. वंशशोधाचा पहिला नियम असा: ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरू नये. जिवंत माणसापासून एकेक पिढी वर चढावे. म्हणजे मेरीच्या वंशजाने १७८९ पासून नव्हे, तर आजी-आजोबांच्या जन्मदाखल्यापासून आरंभ करावयाचा. त्यावरून विवाह, विवाहावरून आईवडील, त्यांवरून मृत्यूची नोंद, मग जनगणना, मग जहाज आणि सर्वांत शेवटी खटला.

९/
आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या सापडतात. इंग्लंडमध्ये हे काम चर्चच्या नोंदवह्यांनी केले. १५३८ पासून प्रत्येक परगण्याच्या चर्चला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा होती. शासकीय जन्म-मृत्यू नोंदणी तेथे १८३७ मध्ये सुरू झाली, तर न्यू साउथ वेल्समध्ये १ मार्च १८५६ रोजी. उशिरा आली, तरी वसाहतीची नोंद अधिक बोलकी होती.

१०/
इंग्लंडमधील मृत्युदाखल्यात मृताच्या आईवडिलांची नावे सहसा नसत. न्यू साउथ वेल्सच्या नोंदीत मात्र आईवडील, जन्मस्थान, वसाहतीत काढलेली वर्षे, विवाह आणि अपत्ये यांसाठी रकाने होते. दूरदेशी आलेल्या माणसाचा मूळ धागा तुटू नये, अशीच जणू ती रचना होती. मेरी वारली १७ डिसेंबर १८५९ रोजी, वॉलोंगाँगजवळच्या फेअरी मेडो येथे. म्हणजे ही नोंदणी सुरू झाल्यानंतर. चार वर्षे आधी वारली असती, तर ही पायरी गळून पडली असती.

११/
त्यामागची पायरी १८२८ च्या जनगणनेची. न्यू साउथ वेल्सच्या या पहिल्या जनगणनेत प्रत्येक रहिवाशाचे नाव, वय, धर्म, व्यवसाय, जमीन व जनावरे तर आहेतच. शिवाय तो कोणत्या जहाजाने, कोणत्या वर्षी आला आणि स्वतंत्र आला की कैदी म्हणून, हेही आहे. संशोधकाला जहाजाचे नाव मिळाले, की कैद्यांची यादी मिळते. यादीत खटल्याचे स्थळ आणि काळ मिळतो. तेथून वाट थेट ओल्ड बेलीच्या दारात पोहोचते.

१२/
या कागदांतून मेरीचे आयुष्य उभे राहते. सिडनीहून तिला नॉरफोक बेटावर धाडले गेले. तेथे टीग हॅरिगन या आयरिश कैद्यापासून तिला मुले झाली. पुढे तो देवमाशांच्या शिकारीस गेला, तो परतलाच नाही. मग जोनाथन ब्रुकर या कैद्यासह तिने हॉक्सबरी नदीकाठी संसार थाटला. शिक्षेतून मुक्ती मिळाली, कॅम्पबेलटाऊनच्या परिसरात जमीन मिळाली, वणव्याने सर्वस्व नेले आणि अखेरीस इलावारा भागात पुन्हा बस्तान बसले. तिला एकवीस अपत्ये झाल्याचे सांगितले जाते. मृत्यूच्या वेळी तिचा वंशविस्तार तीनशेच्या पुढे गेला होता.

१३/
आता एक विरोधाभास पाहा. स्वखुशीने, स्वतःच्या पैशाने इंग्लंड सोडणाऱ्याचा माग काढणे कैद्यापेक्षा कितीतरी अवघड असते. इंग्लंडमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या सलगपणे जतन झाल्या आहेत त्या १८९० पासूनच्या. त्याआधीच्या स्वतंत्र प्रवाशासाठी उतरलेल्या बंदरातील कागद पाहावे लागतात. ज्यांचे भाडे सरकारने भरले, त्यांच्या याद्या तेथे सापडतात. कारण पैसा सरकारचा होता. जेथे सत्तेला खर्च करावा लागतो किंवा संशय येतो, तेथेच सामान्य माणसाची नोंद होते.

१४/
कागद मिळाला म्हणजे सत्य मिळाले, असे मात्र नव्हे. खटल्याच्या वेळचे मेरीचे वय कोणी अकरा सांगतो, कोणी तेरा. एकाच नावाच्या अनेक मुली त्या लंडनमध्ये होत्या; त्यामुळे बाप्तिस्म्याची कोणती नोंद तिची, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. मृत्यूची माहिती देणारा नातेवाईक चुकू शकतो किंवा मुद्दाम खोटे सांगू शकतो. म्हणून नाव, काळ, स्थळ आणि नाते यांचा मेळ किमान दोन स्वतंत्र कागदांत बसला पाहिजे.

१५/
खोटे सांगण्याचे कारण होते लाज. कैद्यांच्या नातवंडांना आपले मूळ 'डाग' वाटे. आजोबा स्वतंत्र प्रवासी म्हणून आले होते, असे घरोघर सांगितले जाई. व्हॅन डीमेन्स लँड या बेटाने तर १८५६ मध्ये आपले नावच बदलून टास्मानिया केले. जुन्या नावाला कैद्यांचा वास येत होता. आज ज्या कुटुंबांना पूर्वज सापडत नाहीत, त्यांतील अनेकांच्या बाबतीत कागद हरवलेले नसतात. घरातल्यांनीच खरी गोष्ट पुरलेली असते.

१६/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. १९८८ मध्ये वसाहतीची द्विशताब्दी साजरी होईपर्यंत कैदी पूर्वज सापडणे अभिमानाचे ठरू लागले होते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कैदीविषयक दफ्तरांचा युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत समावेश झाला. पुढच्याच वर्षी पंतप्रधान केविन रड यांना त्यांची वंशावळ भेट देण्यात आली. त्यांचे पूर्वज होते साखरेची पिशवी चोरल्याबद्दल हद्दपार झालेला थॉमस रड आणि झगा चोरणारी मेरी वेड.

१७/
येथे कथा सुखान्त करून थांबता येत नाही. ज्या जमिनीवर कैदी मुक्त होऊन शेतकरी झाले, ती रिकामी नव्हती. हॉक्सबरीकाठी धारुग, तर कॅम्पबेलटाऊन व इलावारा भागात धारावल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १७ एप्रिल १८१६ रोजी कॅम्पबेलटाऊनच्या दक्षिणेस अ‍ॅपिन येथे गव्हर्नर मॅक्वारी याने पाठविलेल्या सैनिकांनी किमान चौदा आदिवासींना ठार केले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. मरण पावलेल्या बहुतेकांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

१८/
रड यांना वंशावळ मिळाली त्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २००८ रोजी, त्यांनी संसदेत आदिवासींची जाहीर क्षमा मागितली होती. ती विशेषतः ज्या मुलांना सरकारने आईबापांपासून तोडून नेले, त्या पिढ्यांची होती. मेरीच्या वंशजांना तिच्यापर्यंतचा माग काढता आला. या मुलांपैकी अनेकांना मात्र स्वतःची आई कोण, हे शोधण्यासाठी त्याच सरकारच्या दप्तरात डोके घालावे लागले.

१९/
म्हणून पूर्वजांचा शोध हा केवळ अभिमानाचा किंवा लाजेचा विषय नाही. वंशवृक्षात ज्याचे नाव मिळते, त्याचे नाव कोणी, कशासाठी लिहिले, हे विचारावे; आणि ज्यांची नावे मिळत नाहीत, ती का लिहिली गेली नाहीत, हेही विचारावे. मेरीचे नाव न्यायालयाने लिहिले ते तिला फासावर चढविण्यासाठी. पुढे त्याच ओळीने शेकडो माणसांना त्यांचे मूळ सांगितले.