पगार मुंबईत, दुकान बेळगावात



कोल्हापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना मिरज, सांगली मागे पडली की थोड्या वेळाने किर्लोस्करवाडी स्टेशन येतं. लग्नानंतर किती वेळा मी ती पाटी वाचली असेल! पण या गावाच्या नावामागे एका नोकरदार मास्तराची आणि त्याच्या भावाची गोष्ट आहे, हे मी नीट वाचलं ते आत्ता, साठी उलटल्यावर. वाचायला कारण घडलं आमच्या सूनबाईचं.

सूनबाई एका खासगी कंपनीत कामाला आहे. सकाळी नऊला जाते, सहाला येते. दिवाळीनंतर एकदा ती मला म्हणाली, "आई, आपल्या घरची चटणी विकूया का?" आपल्याकडे कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट, हे सगळ्यांना ठाऊक. आपल्या घरांत मात्र ती कांदा-लसणाशिवाय होते. खोबरं, तीळ, धणे भाजून. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींना ती फार आवडली होती. नोकरी सांभाळून धंदा करायचा, असा तिचा विचार.

मी काय म्हणाले असेन? "दोन्ही डगरींवर हात ठेवू नये. एक काय ते धर." बोलून गेले, पण तिचा चेहरा उतरलेला पाहिला आणि रात्री झोप येईना.

माझ्या भीतीला कारण होतं. आमचं लग्न झाल्यावर चार वर्षांनी आमच्या ह्यांनी चांगली नोकरी एका दिवसात सोडली आणि भागीत दुकान काढलं. मी बी.कॉम. झालेली. म्हटलं, "वही मी लिहिते." तर उत्तर आलं, "घरच्या माणसांत हिशेब कसला?" तीन वर्षांत दुकान बंद झालं. माझ्या पाटल्या मीच काढून दिल्या. त्याबद्दल कोणाला बोल लावत नाही, पुढे ह्यांना दुसरी नोकरी लागली, मुलं शिकली, सगळं निभावलं. पण धंदा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो तो तेव्हापासून.

त्याच आठवड्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचायला घेतलं. मोठा कारखाना, मोठं नाव, एवढंच मला माहीत होतं. सुरुवात कशी झाली हे वाचलं आणि मी सरसावून बसले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांचा नाद सुटला, पण यंत्रांची रेखाचित्रं काढण्यात हात बसलेला होता. त्या जोरावर मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. ही संस्था १८८७ मध्ये निघालेली, म्हणजे तेव्हा अगदी नवी. आपण तिला व्ही.जे.टी.आय. म्हणून ओळखतो.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. आज आपल्या दारात पोरांच्या सायकली गंजत पडतात, पण तेव्हा ती नवलाची वस्तू होती. त्यांच्या मनात आलं, ही आपल्या गावाकडेही खपेल. १८८८ मध्ये बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' नावाचं सायकलचं दुकान सुरू झालं.

आता यातली खुबी बघा. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली नाही. ते मुंबईत राहिले, शिकवत राहिले आणि तिथून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवत राहिले. बेळगावात दुकान सांभाळलं थोरले बंधू रामूअण्णांनी. गिऱ्हाईक बघणं, सायकल विकणं आणि ती चालवायला शिकवणं, हे सगळं रामूअण्णांकडे. शिकवण्याचे ते १५ रुपये घेत, असं सांगतात. ज्याला चालवता येत नाही तो विकत कशाला घेईल? म्हणून विक्रीबरोबर शिकवणी. आपण नाही का, नव्या पदार्थाबरोबर कृतीही सांगतो!

म्हणजे माझी डगरींची म्हण इथे लागूच होत नव्हती. एकच माणूस दोन्हीकडे लोंबकळत नव्हता. दोन माणसं होती, दोघांची कामं वेगळी होती आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. दुकान चालो न चालो, मुंबईचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. पहिल्याच दिवशी घरदार पणाला लावायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

नोकरी त्यांनी सोडली ती पुढे काही वर्षांनी. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला आले. अपमान सहन न होऊन नोकरी सोडणारे पुष्कळ असतात, पण बाहेर पडल्यावर पाय टेकायला जागा फार थोड्यांना असते. त्यांना ती होती, कारण रामूअण्णांनी ती राखली होती. त्या राजीनाम्यामागे मला भावाने उघडलेल्या दुकानाची रोजची फळी दिसते.

पुढचं सोपं नव्हतंच. सायकलींनंतर त्यांनी कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलं. १९१० मध्ये तिथे निवडुंग तोडून वस्ती उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! अहिंसेची गोष्ट करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे मुलांना आवर्जून सांगावं. आणि आपल्या आई-आज्ज्या ज्या 'स्त्री' मासिकाची वाट बघत, तेही १९३० मध्ये याच वाडीतून निघालं.

हे लोखंडी नांगर गावोगाव विकणाऱ्यांत आपल्या समाजाचा एक माणूस होता, हे किती जणींना माहीत आहे? कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील. किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते हिंडत आणि शेतकऱ्यांची मुलं शाळेविना कशी राहतात ते डोळ्यांनी बघत. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तो धंदा नव्हता, हे खरं. पण पोटासाठी एक काम आणि मनातलं दुसरं, ही ओढाताण तीच. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना जेवायला घालायला धान्य उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांच्याविषयी वाचताना मला माझ्या पाटल्या आठवल्या आणि थोडी लाजही वाटली. त्यांनी परक्यांच्या मुलांसाठी दिलं होतं. पण एक मात्र दोन्हीकडे सारखं. माणूस बाहेर उभा राहतो तेव्हा घरात कोणीतरी ते तोलून धरलेलं असतं, आणि त्याचं नाव पाटीवर येत नाही.

हे सगळं वाचून मी सूनबाईला बोलावलं. म्हटलं, तुझ्या लक्ष्मणरावाला रामूअण्णा कुठे आहे? ती हसली. मग आम्ही दोघी बसून एकेक गोष्ट ठरवली.

पहिली गोष्ट वेळेची. आपण सूर्यास्ताआधी जेवतो आणि दिवे लागल्यावर भाजणं-तळणं करत नाही. ती घरी येते सहाला. मग चटणी करणार कधी? मिरच्या निवडणं, तीळ-धणे शोधणं, खोबरं भाजणं, सगळं दिवसाउजेडीच व्हायला हवं. ते मी करीन. संध्याकाळी ऑर्डरी लिहिणं, पैशांचं बघणं आणि रविवारी पुड्या भरणं तिचं.

दुसरी गोष्ट अचौर्याची. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या फोनवरून आपला धंदा करणं ही चोरीच आहे, कोणी पकडो न पकडो. अणुव्रत काही फक्त दुसऱ्याच्या पर्सपुरतं नसतं. शिवाय नेमणुकीच्या कागदात दुसरा व्यवसाय न करण्याची अट असते का, ते आधी वाचावं लागतं. सरकारी नोकरीत तर परवानगीशिवाय चालतच नाही. तिने कागद काढला, वरिष्ठांना विचारलं, लेखी होकार घेतला. खाण्याची वस्तू म्हणून एफएसएसएआयची नोंदणीही केली.

तिसरी गोष्ट वहीची. घरखर्चाचा पैसा वेगळा, चटणीचा वेगळा. घरात वापरलेल्या चटणीचेही पैसे वहीत मांडायचे. माझी मजुरीसुद्धा लिहायची, नाहीतर नफा किती हे कळणारच नाही. न्यायाने मिळवलेलं धन हा श्रावकाचा पहिला गुण म्हणतात. न्याय करायचा तर आधी आकडा खरा पाहिजे.

आणि चौथी, मर्यादा. महिन्याला २० किलोच्या वर घ्यायचं नाही, निदान वर्षभर. परिग्रहाचं परिमाण धंद्यालाही लावता येतं. नोकरी सोडायची की नाही हे वही सांगेल, तेव्हा बघू.

पहिल्या महिन्यात ११ किलो गेली. आमचे हे परवा वही चाळत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा तुला वही लिहू द्यायला पाहिजे होती." चाळीस वर्षांनी का होईना, आकडा बरोबर जमला.

आता मला जरा उठायला हवं. ऊन चांगलं आहे, मिरच्या गच्चीवर घातल्यात.