साचा एक, नोंदी अनेक

वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील ताज्या बातम्यांची यादी दिवसभर बदलत असते. प्रत्येक बदलासाठी संपूर्ण पान नव्याने लिहिणे शक्य नसते. म्हणून पानाची मांडणी आणि त्यातील मजकूर यांची फारकत केली जाते. मांडणी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात राहते. मजकूर डेटाबेसमधून येतो. वाचकाने पान मागताच सर्व्हर या दोहोंची सांगड घालतो.

वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्म

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण म्हणजे 'जँगो'. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकात काम करणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये पायथॉन भाषेत तिचा पाया घातला. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे नाव तिला देण्यात आले.

आवर्तनाची रीत

जँगोच्या साच्यात 'फॉर' आणि 'एंडफॉर' या दोन खुणांच्या मध्ये केवळ एका नोंदीची मांडणी लिहिलेली असते. यादीत दहा बातम्या असल्यास तोच भाग दहा वेळा उमटतो. प्रत्येक फेरीचा क्रमांक, पहिली नोंद कोणती, शेवटची कोणती, हेही साच्याला कळते. त्यामुळे पहिल्या बातमीला मोठे शीर्षक देणे सोपे होते. यादी रिकामी असेल तर कोरे पान दिसू नये, यासाठी 'एम्प्टी' ही खूण आहे. तिच्यापुढे 'आज बातम्या नाहीत' असे वाक्य लिहिता येते.

मराठीसाठी एक खबरदारी आवश्यक ठरते. इंग्रजीत अनेकवचनासाठी शब्दाला एक अक्षर जोडणारी सोय जँगोत आहे. मात्र 'बातमी'चे 'बातम्या' आणि 'लेख'चे 'लेख'च होणाऱ्या भाषेत ती अपुरी पडते. अशा वेळी एकवचनाचे आणि अनेकवचनाचे अशी दोन पूर्ण वाक्ये देणे श्रेयस्कर.

छुपा भार

साचा दिसायला निरुपद्रवी असला तरी त्यात वेग मंदावण्याचे कारण दडलेले असू शकते. पन्नास बातम्यांची यादी एका प्रश्नात मिळते. परंतु प्रत्येक बातमीच्या लेखकाचे नाव वेगळ्या तक्त्यात असेल, तर प्रत्येक फेरीत डेटाबेसला नवा प्रश्न विचारला जातो. एकाच्या जागी एकूण ५१ प्रश्न होतात. चाचणीच्या वेळी नोंदी मोजक्याच असल्याने हा दोष लक्षात येत नाही. गर्दीच्या वेळी मात्र पान रखडते. 'सिलेक्ट रिलेटेड' ही सोय वापरल्यास लेखकांची नावे पहिल्याच प्रश्नाबरोबर येतात. हजारो नोंदी असल्यास त्या पानापानांत विभागणेही आवश्यक असते.

परक्या मजकुराचा धोका

यादीत वाचकांच्या प्रतिक्रिया असतील तर प्रश्न सुरक्षेचा होतो. एखाद्याने प्रतिक्रियेऐवजी जावास्क्रिप्टची आज्ञा लिहिली आणि साच्याने ती जशीच्या तशी उमटवली, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये ती चालते. ऑक्टोबर २००५ मध्ये 'मायस्पेस'वर 'सॅमी' नावाची अशीच आज्ञावली पसरली. सदस्यांच्या पानांवरील गाळण्या चुकवून तिने एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक सदस्यांची पाने गाठली.

यावरील उपाय म्हणजे कोनी कंस, अवतरणचिन्हे आणि 'अँड'चे चिन्ह यांचे निरुपद्रवी रूपांतर करणे. सप्टेंबर २००८ मधील जँगोच्या १.० आवृत्तीपासून हे रूपांतर आपोआप होते. 'सेफ' ही खूण लावल्यास मात्र ते थांबते. म्हणूनच ती खूण केवळ संपादकांनी तपासलेल्या मजकुरालाच लावावी. वाचकांकडून आलेल्या मजकुराला कदापि लावू नये.