असा रोगी कुठे पाहिलात का?

देवीच्या निर्मूलनाचा इतिहास आपल्याकडे लशीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवी टोचली गेली, तिथे तो सुरू होतो आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या घोषणेपाशी संपतो. या कथनात एक छापील कार्ड बहुधा गळून पडते. फोडांनी भरलेल्या लहान मुलाचे छायाचित्र असलेले, हातात धरून दाखवायचे साधे कार्ड. इंग्रजीत त्याला ‘स्मॉलपॉक्स रेकग्निशन कार्ड’ म्हणत. ते आधी इंडोनेशियात वापरात आले आणि नंतर भारतातल्या मोहिमेत गावोगाव फिरले.

त्याची गरज का पडली? भारतात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. लसीकरणाचे आकडे फुगत गेले, तरी उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमधून रोग हटेना. १९७३ मध्ये धोरण बदलले. सरसकट टोचत सुटण्याऐवजी रोगी हुडकायचा आणि त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचून रोगाची वाट अडवायची, असे ठरले. पण रोगी हुडकायचा तर बातमी हवी, आणि बातमी तर वरपर्यंत पोचतच नव्हती. साथ नोंदवली की ठपका नोंदवणाऱ्यावरच येई. त्यामुळे कागदोपत्री रोग कमीच असे. घरोघरीही लपवालपवी होती, कारण घरात आलेली ती देवीच. उत्तरेत देवीला ‘बडी माता’ आणि कांजिण्यांना ‘छोटी माता’ म्हणत. पुष्कळदा नुसतेच ‘माता’. आपणही ‘देवी आल्या’ असेच म्हणत होतो. तेव्हा ‘गावात माता आली आहे का?’ या प्रश्नाला आलेल्या ‘हो’चा नेमका अर्थ कसा लावायचा?

चित्राने हा घोळ मिटवला. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, धडावर विरळ. एका भागावरचे सगळे फोड साधारण एकाच अवस्थेत. कांजिण्यांचे याच्या उलट: धडावर जास्त, आणि टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे एक फोड ताजा तर शेजारचा खपली धरलेला. हे शब्दांत समजावायला शिकलेला माणूस लागतो. चित्र पाहायला लागत नाही. म्हणून शोधपथके कार्ड घेऊन बाजारात, चहाच्या टपरीवर आणि विशेषतः शाळेत जात. कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे मुलांना ठाऊक असते, आणि ते लपवायचे असते हे ठाऊक नसते!

ऑक्टोबर १९७३ मधल्या पहिल्याच मोठ्या शोधात उत्तर प्रदेश आणि बिहार मिळून, कुठेही नोंद नसलेले दहा हजारांच्या आसपास रोगी सापडले. पुढे एकेका फेरीत लाखाहून अधिक कर्मचारी सुमारे दहा कोटी घरांपर्यंत जाऊ लागले. १९७४ साली देशात १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले. आकडा भयंकर खरा, पण त्यातला बराच भाग आधी न दिसणारा रोग दिसू लागल्याचा होता, असे मला वाटते.

घरोघर रोगी शोधण्याचा हा देशातला पहिला प्रयोग नव्हे. १८९७ च्या प्लेगात पुण्यातही घरोघर शोध झाला. तेव्हाही जाहीरनामे होते. पण कागद हुकूम सांगायला होता, आणि त्याच्यामागे उंबऱ्याच्या आत शिरणारे गोरे सोजीर होते. त्या झडत्यांचा संताप २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. देवीच्या कार्डाने हुकूम सोडला नाही, प्रश्न विचारला. आणि उत्तर देणाऱ्याला जाणकार मानले. छापील कागदाची ही भूमिका आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात दुर्मिळ आहे. आपल्या भित्तिपत्रकांना उपदेशाची खोड फार.

अर्थात याच मोहिमेच्या अखेरच्या काळात काही ठिकाणी दारे तोडून, माणसे धरून टोचण्याचे प्रकारही झाले. अमेरिकन इतिहासकार पॉल ग्रीनो यांनी त्यांवर लिहिले आहे. कार्डाने जबरदस्ती संपवली असे म्हणता येणार नाही. पण रोगी सापडण्याचे श्रेय त्या जबरदस्तीच्या खात्यावर टाकणेही चूकच. बातमी धाकाने येत नाही, उलट दडते. पुण्याने ते पाहिलेच होते.

कार्डाचा आणखी एक उपयोग कमी सांगितला जातो. शोधपथक गेल्यावर तपासनीस मागून काही निवडक घरांत जात आणि विचारत: कुणी येऊन हे चित्र दाखवले का? बक्षिसाचे सांगितले का? म्हणजे कार्ड रोग्यासाठी होते तसेच कर्मचाऱ्याच्या हजेरीसाठीही. खोट्या नोंदींनी पोखरलेल्या कारभारात गावकऱ्याची आठवण हीच पावती ठरली.

बिहारमधल्या कटिहार जिल्ह्यातील पाचेरा गावी १७ मे १९७५ रोजी आजारी पडलेला रोगी हा देशातल्या संसर्गाचा शेवटचा. २४ मे रोजी आसामात करीमगंजला सापडलेली बाई बांगलादेशातून आली होती. त्यानंतरही शोध थांबला नाही. बातमी देणाऱ्याचे बक्षीस पन्नास रुपयांपासून वाढत हजार रुपयांवर गेले, तीच चित्रे पुन्हा दारोदार दाखवली गेली. बातम्याही येत राहिल्या. कुणाला कांजिण्या निघाल्या, कुणाला गोवर, कुणाला नुसती खरूज. संशयास्पद खपल्या तपासायला प्रयोगशाळेत जात. त्यांत देवी कुठेच निघाली नाही. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगापुढे भारताने जो पुरावा मांडला, त्यात या निष्फळ बातम्यांचा ढीग मोठा होता.