प्लॉट बघायला कळंबला

परवा शनिवारी मित्राबरोबर प्लॉट बघायला कळंबला गेलो होतो. यवतमाळचं नव्हे, धाराशिवचंही नव्हे, आपलं कर्जत तालुक्यातलं. लोकलने नेरळला उतरायचं आणि मुरबाडच्या रस्त्याला लागायचं. कळंब म्हणजे कदंबाचं झाड. ते काही दिसलं नाही, होर्डिंगं मात्र भरपूर!

एजंट म्हणाला, "साहेब, इथं पूर्वी काही नव्हतंच हो."

काही नव्हतं? याच तालुक्यात भिवपुरीला १९२२ पासून टाटांचं वीजघर आहे. पाणी घाटावरचं, वीज मुंबईची. १९४२ च्या चळवळीत माथेरानच्या भाई कोतवालांनी इथल्या शेतकरी-आदिवासींना घेऊन आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरेच पाडले. त्याआधी हेच वकीलसाहेब शेतकरी सावकाराच्या तावडीत सापडू नये म्हणून धान्यकोठार चालवत होते.

कळंबचा रस्ता पुढे मुरबाड तालुक्यात शिरतो. सिद्धगड तिकडेच. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांनी त्यांना तिथल्या जंगलात गाठलं. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल जेमतेम तीस वर्षांचे होते. मी अठ्ठावीसचा, आणि गुंठ्याचा भाव विचारत उभा!

येताना नेरळच्या फलाटावर मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, आपण थोडेच सावकार आहोत?"

नसू. पण जमीन विकणारा शेतकरी काही आम्हाला भेटला नाही, भेटला तो एजंट. टोकनचा चेक अजून बॅगेतच आहे. पुढच्या शनिवारी आधी त्या शेतकऱ्याला भेटणार. मग बघू.