राखेची वंशावळ

भांडी विसळणं वेगळं, धुणं वेगळं आणि घासणं वेगळं. मराठीने हे तीन शब्द उगाच सांभाळलेले नाहीत. विसळताना पाणी काम करतं, धुताना साबण. घासताना मात्र एक टणक कण भांड्यावरून ओढला जातो आणि खरकट्याबरोबर भांड्याचाही अगदी बारीक थर निघून जातो. जुन्या पितळी परातीचा तळ पातळ झालेला असतो तो काही उगाच नाही. चार पिढ्यांच्या बायकांनी तो थोडा थोडा मोरीत वाहवलेला असतो. म्हणून भांडी घासायची भुकटी, वडी किंवा पेस्ट बनवणाऱ्या प्रत्येकापुढे प्रश्न एकच असतो: किती खरवडायचं, आणि कोणाला?

प्रश्न जुना आहे. ज्या मनुस्मृतीची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, त्या ग्रंथातलं बाकी काही मला नको. पण त्याच्या पाचव्या अध्यायात तांबं, लोखंड, कासं, पितळ ही भांडी क्षार, आंबट आणि पाणी यांनी ज्याला जे योग्य त्याने स्वच्छ करावीत, असं सांगितलं आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात खोट काढायला जागा नाही. आमच्याकडे हदीसमध्ये कुत्र्याने तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवावं, त्यातलं एक धुणं मातीने असावं, असं आहे. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई, त्यामुळे आमच्यात हा सातचा आकडा पक्का. म्हणजे एकीकडे राख, दुसरीकडे माती. मोरीवर मात्र दोन्ही घरांत नारळाची तीच शेंडी.

राख ही नुसती घाण नव्हे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते पाण्यात विरघळून बुळबुळीत होतं आणि भांड्यावरच्या तेलातुपाचा काही भाग तिथल्या तिथे साबण करून टाकतं. राखेचा उरलेला मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, खडूच्या जातीचा, मऊ. भाताच्या तुसाच्या राखेत मात्र सिलिका भरपूर, ती चांगलीच खरवडते. आमच्या घरी ही दुसरी राख फक्त लोखंडी तव्याला. तांब्याच्या देगचीला आतून कल्हई असायची आणि कल्हईला वाळू लागली, की कथील निघालं, आंबट सालन कळकलं, आणि नवसागर घेऊन येणाऱ्या कल्हईवाल्याची वाट बघणं आलं. बाहेरून काळवंडलेल्या तांब्याला चिंच आणि मीठ. आंबटाने डाग विरघळतो, खरवडावं फारसं लागत नाही.

युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, तेव्हा साबणात वाळू मिसळून वड्या विकायला सुरुवात झाली. न्यूयॉर्कची सॅपोलिओ १८६९ सालची. वाळू म्हणजे क्वार्ट्झ. फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी शिडी मांडली होती, तिच्यात क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आणि काच साधारण साडेपाचवर. त्यामुळे भांडं निघायचं लख्ख, पण ओरखडे घेऊन. १८८६ साली कनेक्टिकटमधल्या एका साबणवाल्याने क्वार्ट्झसोबत खाणीतून निघणारं आणि टाकून दिलं जाणारं फेल्डस्पार दळून साबणात घातलं. ते सहाव्या पायरीवरचं. वडीचं नाव ‘बॉन अमी’. पुढे तिच्या वेष्टनावर कोंबडीचं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिलू आलं. जमीन अजून न उकरलेलं. जाहिरातीच्या धंद्यात इतकी नेमकी प्रतिमा मी क्वचितच पाहिली आहे, आणि कवी म्हणून थोडा मत्सरही वाटला.

भांड्याची काळजी अशी घेतली गेली. माणसाची पाळी उशिरा आली.

वाळूची वडी ओली असते, भुकटी कोरडी. इंग्लंडमध्ये लिव्हर ब्रदर्सची ‘विम’ १९०४ साली आली, आणि कोरड्या भुकट्यांचा जमाना सुरू झाला. काही कारखान्यांत बारीक दळलेलं क्वार्ट्झ, सोडा आणि साबण मिसळून पुडकी भरली जात. १९२९-३० च्या सुमारास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत अशी पुडकी भरणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंच्या नोंदी आल्या. रोग सिलिकोसिस. दगड फोडणाऱ्याला तो बहुधा वीसेक वर्षांनी गाठतो. इथे थोड्याच वर्षांत फुप्फुसं निकामी झाली होती. भुकटीतल्या सोड्याने वेग वाढवला असावा, असं तेव्हाच्या काही डॉक्टरांना वाटलं. कुणाच्या तरी कढईचा तळ चमकावा म्हणून कुणीतरी तीच धूळ श्वासातून आत घेत होतं. आपल्याकडेही मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे आणि खंबातचे अकीक घासणारे याच धुळीने गेले आहेत. श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगाला कारण होते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली नि:संदिग्धपणे नोंदवलं.

आपल्या मोऱ्यांतून राख गेली ती चूल गेली म्हणून. १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला. गॅसला राख नसते. पितळेच्या जागी स्टील आलं, त्याच्या जोडीला जर्मनची भांडी. मग भुकटी आली आणि १९९३ साली हिंदुस्थान लिव्हरने विमची वडी आणली. ओल्या ताटलीत तळ गळून जाणारी वडी कुणाला आवडत नाही, म्हणून पुढे डब्यातली पेस्ट. ती घरगुती उद्योगातही होते. ॲसिड स्लरी आधी कॉस्टिक सोड्याने पुरती निवळवायची, मग दळलेलं कॅल्साइट घालायचं. हा क्रम चुकला, ॲसिड उरलं, की कॅल्साइटमधून वायू निघतो आणि डब्याचं झाकण फुगतं. चिंचेची पितळ घासायची पावडर आणि ही पेस्ट एकत्र करता येत नाही, तेही याच कारणाने. कॅल्साइट तळाशी बसू नये म्हणून बेंटोनाइट माती. ती पाण्यात फुगून कणांना धरून ठेवते.

आता हे कॅल्साइट म्हणजे काय? कॅल्शियम कार्बोनेट. मोसच्या शिडीवर तिसरी पायरी. स्टीलला ओरखडा नाही, काचेला नाही. लाकडाच्या राखेत जे होतं, तेच. सोबत क्षार आणि फेस. इतक्या खाणी खणून, इतकी फुप्फुसं घालवून माणूस पुन्हा चुलीपाशी येऊन बसला, फक्त डबा हिरवा झाला.

उरतो हात. ॲसिड स्लरीचा फेस भांड्यावरच्या तेलाबरोबर कातडीचंही तेल नेतो, आणि जास्तीचा सोडा उरलेलं काम करतो. आपल्या घरच्या दहा भांड्यांनी फरक पडत नाही. सकाळी पाच घरांची भांडी घासणाऱ्या बाईची बोटं मात्र पेरांवर चिरतात. हिवाळ्यात तर रक्त येतं. स्वस्त मालात सोडा सढळ असतो, कारण सोडा स्वस्त असतो. हातमोजे सुचवणं सोपं आहे. तेलकट ताट हातमोज्यातून सुटतं, आणि फुटलेल्याचे पैसे कोणाच्या पगारातून जातात ते आपल्याला माहीत आहे.

मध्यंतरी एका बचत गटाच्या वर्गात पेस्ट कशी करतात ते बघायला मी बसलो होतो. शिकवणाऱ्याने काचेच्या तुकड्यावर पेस्ट घासून दाखवली. ओरखडा नव्हता, बायकांनी मान डोलावली. मग मागे बसलेली एक बाई उठून पुढे आली. तिने बोटभर पेस्ट मनगटाच्या आतल्या बाजूला लावली आणि तशीच उभी राहिली. वर्ग पुढे सरकला, डब्यांच्या किमती निघाल्या. पंधराएक मिनिटांनी तिने मनगट धुतलं, त्यावरचा लाल चट्टा बघितला आणि म्हणाली, “सर, सोडा जरा कमी घाला. पाच घरं करते मी.”