टायरातलं पितळ

द्रुतगती महामार्गावर उर्से टोलनाक्याजवळ टायरचा फाटका पट्टा पडला होता, तारा बाहेर आलेल्या. सोबतच्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, रबराला लोखंड चिकटतं कसं?" मी भाषेचा मास्तर. शोधावं लागलं.

आधी टायरात सुती कापड असे. सुताच्या तुसांत रबर अडकून बसे. १९३० नंतर गुळगुळीत रेयॉन आलं, तेव्हा रेसॉर्सिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि लेटेक्सच्या द्रावणात धागे बुडवू लागले. १९४६ साली मिशेलिनने पोलादी तारांच्या रेडियल टायरचं पेटंट घेतलं. आज अशा तारांवर पितळेचा, केसाहून शेकडो पट पातळ, थर असतो. टायर भट्टीत तापताना रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी संयोग पावतं आणि तांब्याचं सल्फाइड दोघांना धरून ठेवतं. पुण्याच्या तांबट आळीत इतक्यांदा गेलो, पण पितळेचं हे काम मला ठाऊक नव्हतं!

हा सल्फाइडचा थर फार जाड झाला तर ठिसूळ होतो. चिरेतून पाणी तारेपर्यंत पोचलं तरी पकड सुटते. वरून टायर धड दिसतो, आत पट्टा सुटत असतो; आणि आमच्या बोरघाटात पावसाळ्यात पाण्याला काय तोटा?

मेहुणा लोणावळ्याहून मुंबईला निघाला की मी त्याला खाली वाकून टायर बघायला लावतो. हसतो, पण बघतो.