सदर बाजारामागची नदी : खारून

रायपूरच्या सदर बाजारात सायंकाळी सराफांच्या पेढ्यांवर दिवे लागले, की या झगमगाटापासून दोन-अडीच कोसांवर एक नदी वाहत असेल, अशी शंकाही मनात येत नाही. बदलीच्या हुकुमाने येथे आलेल्या आम्हां मराठी मंडळींना तर खारून प्रथम भेटते ती दप्तरातील नकाशावर, रायपूर आणि दुर्ग या दोन जिल्ह्यांमधील सीमारेषा म्हणून. परंतु ज्या नदीचे पाणी आपण रोज पितो, तिची एवढीच ओळख ठेवणे आम्हांस उणेपणाचे वाटते.

खारूनचा उगम दक्षिणेस बालोद जिल्ह्यातील पेटेचुवा गावाजवळ होतो. रानाची कड सोडून ती उत्तरेची वाट धरते आणि धानाच्या सपाटीत उतरते. येथील शेतकरी जमिनीस चार नावांनी ओळखतो : उंचवट्यावरील मुरमाड ती भाठा, पिवळसर ती मटासी, मधली ती डोरसा आणि सखल भागातील काळी ती कन्हार. धान हातभर वाढल्यावर, बांधीत पाणी साचले असता, उभ्या पिकातूनच नांगर फिरवण्याची येथील रीत आहे. तिला बियासी म्हणतात. नवख्या माणसास हा पिकाचा नाश वाटावा, परंतु त्यानेच तण मरते व धान फुटते. पुढे सोमनाथ येथे खारून शिवनाथेस मिळते व शिवनाथ महानदीस. आपल्या भंडाऱ्याच्या वैनगंगेचे पाणी गोदावरीकडे वळते, तर खारूनचे ओडिशातून समुद्र गाठते.

या नदीकाठीच रायपूरचे जुनेपण आहे. हैहय राजा ब्रह्मदेव याच्या काळात, 1402 साली, हाजिराज नाईक याने हाटकेश्वराचे मंदिर उभारल्याचे शिलालेख सांगतो. तो हाटकेश्वर महादेवघाटावर आजही पुजला जातो. छत्तीस गडांची वाटणीही पाण्यानेच केली होती. शिवनाथेच्या उत्तरेचे अठरा गड रतनपूरचे आणि दक्षिणेचे अठरा रायपूरचे. चौऱ्याऐंशी गावांचा एक गड आणि त्यात बारा-बारा गावांचे विभाग, अशी ती जुनी मांडणी होती.

1741 साली भास्करपंत फौज घेऊन या प्रांतात आले आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला. तेथील रामटेकडीवरचे मंदिर त्यांचेच. त्यांच्या मागून अधिकार व्यंकोजी भोसल्यांकडे आला. ते नागपुरास राहिले आणि येथे सुभेदार नेमले गेले. विठ्ठलराव दिनकर या सुभेदारांनी गडांची मांडणी मोडून परगणे केले. हिशेब सुटसुटीत झाला असेल, परंतु मुक्काम करणारा धनी जाऊन वसूल मागणारा धनी आला, हे रयतेस कळल्यावाचून राहिले नसेल. 1818 साली इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले, आणि 1854 साली भोसल्यांचे राज्यच खालसा झाले.

गाव वाढले तशी तळी अपुरी पडू लागली. 1892 साली राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून जलकेंद्र उभे राहिले आणि खारूनचे पाणी गावात आले. 2000 साली रायपूर राजधानी झाले, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येने दहा लाखांचा आकडा ओलांडला. एवढ्या वस्तीची तहान एकट्या खारूनला भागवता येत नाही. उन्हाळ्यात गंगरेल धरणातील महानदीचे पाणी कालव्याने तिच्या पात्रात सोडावे लागते. ज्या महानदीस ती आपले पाणी पोचवते, तिच्याकडूनच तिला ते उसने घ्यावे लागते.

आम्हांस यात आपल्यासाठीही एक प्रश्न दिसतो. आपणही येथे तीन वर्षे, पाच वर्षे राहणार व पुढच्या हुकुमाने निघून जाणार. बिंबाजींप्रमाणे मुक्काम करावा, की नागपुरात बसून परगण्यांची बेरीज पाहावी? कार्तिकी पौर्णिमेस महादेवघाटावर पुन्नी मेळा भरतो. त्या दिवशी सदर बाजारातून निघून घाटाच्या पायऱ्या उतरावे, ओंजळभर पाणी हाती घ्यावे. नकाशावरची रेघ त्यानंतर पुन्हा नुसती रेघ वाटणार नाही, असा आमचा अनुभव आहे.